पगारी प्रसूती रजेचा खर्च मालकानेच का सोसावा?

नीरजा_लेखा (धागालेखिका)

गेली अनेक वर्षे मी वेगवेगळ्या आस्थापनांची पगारपत्रके तयार करण्याचे काम करते. प्रसूती रजेचा अर्ज येतो तेव्हा कार्यालयात सगळे जण अभिनंदन करतात आणि त्यानंतरचे पहिले पगारपत्रक मंजुरीसाठी वर गेले की त्यांतलेच काही जण "कामावर नसताना पूर्ण पगार?" असे विचारतात. हे विचारणारे सगळेच खडूस असतात असे मला वाटत नाही. त्यांच्या प्रश्नात एक खरी अडचण दडलेली असते, पण ती चुकीच्या दाराशी जाऊन उभी राहते, म्हणून हा धागा काढते आहे.

माझे मत आधीच सांगून टाकते. प्रसूती रजा पगारी असलीच पाहिजे, मात्र तो पगार त्या स्त्रीच्या एकट्या मालकाच्या खिशातून जाता कामा नये. या दोन गोष्टी आपण इतक्या सवयीने एकत्र बोलतो, की खर्चाच्या वाटणीबद्दल शंका काढणारा माणूस लगेच रजेचाच विरोधक ठरतो आणि चर्चा तिथेच संपते.

रजा पगारी का हवी, हे फार ताणत नाही. प्रसूतीनंतर शरीर सावरायला काही आठवडे लागतात, शस्त्रक्रिया झाली असेल तर जास्तच लागतात. आणि जागतिक आरोग्य संघटना बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते. रजा दिली पण पगार दिला नाही तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेचे आहे. तिथल्या १९९३ च्या कायद्याने १२ आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. शिवाय आस्थापनेत किमान ५० कर्मचारी असावे लागतात, नोकरीला वर्ष झालेले असावे लागते आणि त्या वर्षात १,२५० तास काम भरलेले असावे लागते. ज्या घरात दुसरा पगार आहे किंवा गाठीला काही शिल्लक आहे, त्याच घरातील स्त्रीला ही रजा पुरती घेता येते. जिला तिची सर्वांत जास्त गरज आहे, ती टाके पुरते भरायच्या आत कामावर परतते.

आता खर्चाबद्दल. भारतातील १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात १२ आठवड्यांची पगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीने ती पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तीच मुदत आहे. मुदत दुपटीहून अधिक वाढली, ही चांगली गोष्ट झाली; पण बिल मात्र पूर्वीप्रमाणेच मालकाच्या नावावर फाडले गेले. २६ आठवडे म्हणजे वर्षाचा अर्धा पगार. समान पात्रतेचे दोन उमेदवार समोर बसलेले असताना हा हिशेब मालकाच्या मनात येत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे. रजेवर असलेल्या स्त्रीला कामावरून काढता येत नाही, कायद्याने ते बंद केले आहे. पण जिला मुळात घेतलेच नाही तिची नोंद कोणत्याच कागदावर राहत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे, की सर्व मालकांनी सर्व कर्मचाऱ्यांच्या, म्हणजे स्त्री आणि पुरुष दोघांच्याही, पगारावर लहानशी वर्गणी भरावी आणि रजेचा पगार त्या सामाईक निधीतून दिला जावा. मते वाचायला आवडतील, विशेषतः ज्यांना पगार स्वतःच्या खात्यातून द्यावा लागतो त्यांची.

छापखानावाला

शेवटच्या ओळीत मलाच हाक मारल्यासारखे वाटले, म्हणून लिहितो. माझ्याकडे चौदा माणसे आहेत. कायद्याची मर्यादा दहाची असल्यामुळे तो मला लागू होतो आणि मी तो पाळतो, हे आधी नमूद करतो.

संगणकावर पानांची मांडणी करणारी आमच्याकडे एकच व्यक्ती आहे. ती रजेवर गेली तेव्हा तिचा पगार मी दिला आणि तिच्या जागी तात्पुरत्या घेतलेल्या मुलाचाही दिला. त्या मुलाने पहिल्याच मोठ्या कामात पानांची जुळणी चुकवली. सोळा पानी फर्मा छापून, घडी घालून समोर आला तेव्हा सहाव्या पानानंतर अकरावे पान निघाले. सगळा कागद रद्दीत गेला आणि ग्राहकाला दिलेली तारीखही गेली. यात रजेवर गेलेल्या बाईंचा काडीचाही दोष नाही, आणि त्या परत आल्या तेव्हा मला हायसे वाटले. पण मोठ्या कंपनीत एका विभागात अशी चाळीस माणसे असतात, तिथे एक जण नसल्याने पानेही उलटसुलट होत नाहीत आणि ताळेबंदही हलत नाही. माझ्याकडे दोन्ही हलतात.

नीरजाताई, तुम्ही पगाराचा भार वाटून घेण्याबद्दल लिहिता. तो वाटला तर मला आनंदच आहे. मात्र अनुभवी माणूस सहा महिने जागेवर नसण्याचा जो भार आहे, तो कोणत्या निधीतून भरून येणार?

आडवा_प्रश्न

मला मुळातच आक्षेप आहे. मूल होऊ देणे हा दोन प्रौढ व्यक्तींचा खासगी निर्णय असतो आणि मालक त्या निर्णयात पक्षकार नसतो. त्याने कामाचा मोबदला देण्याचा करार केलेला असतो, कुटुंबाचा विस्तार पोसण्याचा केलेला नसतो. ज्या मालकांना चांगले कर्मचारी टिकवायचे आहेत ते अशी रजा स्वतःहून देतीलच, अनेक कंपन्या कायद्यापेक्षा जास्त देतातही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यावर सक्ती करून काय साधते?

आणखी एक मुद्दा सहसा कोणी उच्चारत नाही. रजेच्या काळातील काम शेवटी सहकाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडते. ज्यांना मूल नाही किंवा नको आहे, त्यांना त्या जादा कामाचे काही मिळत नाही. आता सामाईक निधी काढला तर त्यांच्या पगारावरही वर्गणी बसणार.

विधिज्ञ_सायली

धागालेखिकेचा प्रस्ताव नवा वाटत असला तरी तो शंभर वर्षे जुना आहे, हे इतिहासात थोडे मागे गेल्यावर दिसते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८३ साली जो आजारपण विमा कायदा झाला, त्यात विमाधारक कामगार स्त्रीला प्रसूतीनंतर तीन आठवडे रोख साहाय्य मिळण्याची तरतूद होती आणि ती रक्कम विमा निधीतून जात असे. पुढे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची पहिली परिषद १९१९ साली वॉशिंग्टनला भरली. तिथे प्रसूती संरक्षणाचा जो करार झाला, त्यातही पैसे सरकारी निधीतून किंवा विमा पद्धतीने द्यावेत असेच म्हटले होते. १९५२ च्या सुधारित कराराने तर दोन गोष्टी अगदी निःसंदिग्ध शब्दांत नोंदवल्या. एक म्हणजे कोणताही मालक आपल्याकडील स्त्रियांच्या या लाभाच्या खर्चाला व्यक्तिशः जबाबदार असणार नाही. दुसरी म्हणजे पगारावर आधारित वर्गणी घ्यायची झाल्यास ती स्त्री-पुरुष असा भेद न करता एकूण कर्मचाऱ्यांवर घ्यावी. करार करणाऱ्यांना धोका तेव्हाच कळला होता. २००० सालच्या करारात किमान १४ आठवड्यांची रजा आणि मिळकतीच्या किमान दोन तृतीयांश इतका रोख लाभ आला; मालकाच्या वैयक्तिक जबाबदारीबाबतचे तत्त्वही कायम राहिले, पण त्याला अपवादाच्या वाटा ठेवाव्या लागल्या, कारण अनेक देशांत मालकच पैसे देत होता. भारताने हा करार अद्याप स्वीकारलेला नाही.

आपल्याकडील एक संदर्भ इथे आवर्जून द्यावासा वाटतो. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून हा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मान्य केले होते. मात्र तेवढ्यावरून मालकाला मोकळे सोडावे असे त्यांचे म्हणणे नव्हते. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा आहे म्हणून, तेव्हा भाराचा काही वाटा त्यानेही घ्यावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ साली तो कायदा झाला आणि देण्याची जबाबदारी मालकावर आली. सरकारच्या वाट्याचा मुद्दा मात्र बाजूला पडला, आणि १९६१ च्या कायद्यातही तो बाजूलाच राहिला.

आडवा_प्रश्न, तुमचा करारस्वातंत्र्याचा मुद्दा मी गंभीरपणे घेते, पण तो न्यायालयांनी कसा तपासला हेही पाहा. जर्मनीत प्रसूतीच्या काळात, म्हणजे आधीचे सहा आणि नंतरचे आठ आठवडे, विमा संस्था दिवसाला जास्तीत जास्त १३ युरो देते आणि त्यावरील फरक मालक भरतो. पूर्वी या फरकाची भरपाई सामाईक निधीतून केवळ लहान आस्थापनांना मिळत असे. २००३ साली तिथल्या संघराज्य घटना न्यायालयाने निकाल दिला, की मालकावर असा भार टाकणे त्याच्या व्यवसायस्वातंत्र्याच्या आड येत नाही. परंतु ज्या रचनेमुळे स्त्रियांना नोकरीवर घेणे महाग होते, ती रचना समानतेच्या तत्त्वाचा भंग करते. त्यानंतर १ जानेवारी २००६ पासून सर्व मालक या निधीत आले. आता तिथे केवळ पुरुष कामाला असलेली आस्थापनासुद्धा वर्गणी भरते, आणि प्रसूती काळात दिलेली रक्कम मालकाला पूर्ण परत मिळते. कायदा स्त्रीच्या रक्षणासाठी होता, तरीही त्याची पैशाची बाजू स्त्रीच्या विरोधात काम करत होती, हे न्यायालयाने मान्य केले. माझ्या मते या सर्व वादातील सर्वांत महत्त्वाचा निकाल हाच आहे.

मुलाखतकार

मनुष्यबळ विभागात काम केलेले असल्याने एवढेच सांगतो, की "नोंद कोणत्याच कागदावर राहत नाही" हे धागालेखिकेचे वाक्य जवळजवळ खरे आहे. जवळजवळ अशासाठी, की कधी कधी राहते. एका ठिकाणी माझ्या आधीच्या अधिकाऱ्याने हाताळलेले अर्ज माझ्याकडे आले, तेव्हा काही उमेदवारांच्या नावापुढे पेन्सिलीने 'नवि' असे लिहिलेले होते. त्याचा अर्थ नवविवाहित, हे मला तिथल्या शिपायाने सांगितले. पुरुष उमेदवारांतही नुकतेच लग्न झालेले होते, पण त्यांच्या नावापुढे काही नव्हते. नियुक्तिपत्रे द्यायची वेळ आली की त्या खुणा खोडरबराने पुसल्या जात.

थेट प्रश्न हल्ली कोणी विचारत नाही. "घरून कितपत पाठिंबा आहे", "पुढच्या दोन-तीन वर्षांचे नियोजन काय" अशा आडवळणाने माहिती काढली जाते, आणि विचारणाऱ्याला आपण भेदभाव करतो आहोत असे वाटतही नाही. तो आपल्या विभागाचे अंदाजपत्रक सांभाळत असतो, आणि त्या अंदाजपत्रकात रजेचा पगार त्याच्याच विभागाच्या खात्यावर पडणार असतो. मोठ्या कंपनीतसुद्धा भार असा एका विभागप्रमुखावरच येऊन पडतो, ही गोष्ट छापखानावाला यांनी लक्षात घ्यावी. कंपनी मोठी असली तरी त्याचा विभाग कधी कधी तुमच्या छापखान्यापेक्षा लहान असतो.

आडवा_प्रश्न

मुलाखतकार यांचा अनुभव माझ्याच बाजूने साक्ष देतो. सक्ती केली की मालक पळवाट काढणारच. आणि तो पळवाट काढू शकला नाही तर पगारातून वसूल करणार. अमेरिकेत १९७० च्या दशकात आधी काही राज्यांनी आणि मग केंद्राने आरोग्यविम्यात प्रसूतीचा खर्च समाविष्ट करणे बंधनकारक केले. त्याचा परिणाम जोनाथन ग्रुबर या अर्थतज्ज्ञाने तपासला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की खर्चाचा बराचसा भार ज्यांना लाभ मिळणार होता त्या गटाच्या पगारात उतरला. म्हणजे मालक देतो असे आपण म्हणतो, पण शेवटी त्या स्त्रियाच देतात. मग ही सक्ती कशासाठी?

नीरजा_लेखा

आडवा_प्रश्न, हा अभ्यास मांडलात हे चांगले केलेत, कारण माझा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे. भार त्या गटाच्या पगारात का उतरला? कारण खर्च कोणामुळे येणार हे मालकाला आधीच ओळखता येत होते. ठरावीक वयाची स्त्री किंवा त्या वयाच्या स्त्रीचा विमाधारक नवरा समोर दिसला, की तिच्या किंवा त्याच्या पगारात तेवढी कपात करून ठेवता येते. उलट वर्गणी प्रत्येक पगारावर सारख्याच टक्क्याने बसली, तर मालकाने पुरुष घेतला काय आणि स्त्री घेतली काय, त्याच्या खर्चात फरक पडत नाही. ती वर्गणी कालांतराने सर्वांच्या पगारवाढीतून थोडी थोडी वसूल होईलही. होऊ द्या. ती सर्वांकडून वसूल व्हावी, एवढेच तर माझे म्हणणे आहे.

हे दूरच्या देशांचे स्वप्न नाही. भारतात कर्मचारी राज्य विमा योजनेत हेच चालते. ठरावीक वेतनमर्यादेपर्यंतच्या प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वेतनावर मालक ३.२५ टक्के आणि कर्मचारी ०.७५ टक्के भरतो. त्यात उपचार, आजारपण, अपघात असे सगळेच येते आणि २६ आठवड्यांचा प्रसूती लाभही त्याच निधीतून थेट स्त्रीला मिळतो. मी या योजनेतील आस्थापनांची पगारपत्रके करते तेव्हा प्रसूती रजेवरील स्त्रीच्या नावापुढे त्या महिन्यांत शून्य असते, आणि त्या शून्याबद्दल मला आजवर कोणत्याही मालकाने प्रश्न विचारलेला नाही. वेतनमर्यादेच्या वर गेलेल्या स्त्रीच्या नावापुढे पूर्ण आकडा असतो, आणि प्रश्न तिच्याबद्दल येतात. एकाच इमारतीत या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. बढती मिळून मर्यादा ओलांडलेली स्त्री मालकाला एकाएकी महाग पडू लागते, हा विचित्र प्रकार कोणी मुद्दाम योजला असेल असे वाटत नाही, पण तो चालू आहे.

खासगी निर्णयाबद्दल एकच सांगते. मूल नसलेल्या सहकाऱ्याचे निवृत्तिवेतन ज्यांच्या श्रमातून आणि करातून उभे राहणार आहे, ती माणसे आज कोणाच्या तरी खासगी निर्णयातूनच जन्माला येत आहेत. जादा कामाचा मोबदला त्या सहकाऱ्याला मिळालाच पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही; आणि निधीमुळे रजेच्या काळात मालकाचा पगार वाचला, तर तो मोबदला देण्यासाठी त्याच्या हातात पैसा राहतो.

करारावरची

ही सगळी चर्चा कायम नोकरीत असलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून चालली आहे, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. मी एका शैक्षणिक संस्थेत करारावर काम करत होते आणि माझा करार दर वेळी नव्याने होत असे. मी गरोदर असल्याचे कळवले तेव्हा कोणीही वाईट वागले नाही. उलट बसायला पंख्याखालची खुर्ची दिली. करार संपण्याची तारीख आली तेव्हा मात्र नवा करार पुढे आला नाही. "सध्या पदाची आवश्यकता तपासली जात आहे" असे सांगण्यात आले, आणि माझ्या जागी दुसऱ्या कोणाचा तरी करार झाला. मला कोणी काढले नाही, त्यामुळे तक्रार कशाची करायची हेच समजेना.

मालकाने पैसे द्यायचे म्हटले, की ज्यांचा मालक ठळकपणे दाखवता येत नाही त्या सर्व स्त्रिया बाहेर राहतात. घरकाम करणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, घरी बसून शिवणकाम किंवा रेखाटनाची कामे घेणाऱ्या स्त्रियांचा या धाग्यात अजून उल्लेखही आलेला नाही.

विधिज्ञ_सायली

करारावरची, तुमच्यासारख्यांच्या बाबतीत दोन निकाल माहीत असू द्या. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्री कामगारांना प्रसूती लाभ लागू असल्याचे स्पष्ट केले. २०२३ साली त्याच न्यायालयाने म्हटले, की स्त्रीने प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत आवश्यक ते ८० दिवसांचे काम केलेले असेल, तर कराराची मुदत रजेच्या मधेच संपली तरी तिचा लाभ संपत नाही. तुमच्या प्रकरणात करार आधीच संपू दिला गेला, त्यामुळे हा दुसरा निकाल तिथे कितपत लागू पडेल हे तारखा पाहूनच सांगता येईल. मात्र तुमच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्ण सहमत आहे. लाभ नोकरीशी बांधला की नोकरी नसलेली स्त्री लाभाबाहेर जाते. निधी असेल तर स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रीलाही वर्गणी भरून त्यात येता येते.

दोन_लेकरांचा_बाप

पैशांची विभागणी झाली तरी छापखानावाला यांचा पहिला प्रश्न उरतोच, आणि त्याचे अजून कोणी नीट उत्तर दिलेले नाही. पगार निधीतून आला तरी माणूस जागेवर नसणारच. आणि जोपर्यंत नसणारी व्यक्ती ही नेहमी स्त्रीच असते, तोपर्यंत पेन्सिलीची खूण पुसली जाणार नाही. त्यावर मला एकच उपाय दिसतो, तो म्हणजे वडिलांनाही अशी रजा द्यायची, की जी त्यांनी घेतली नाही तर आईला हस्तांतरित होणार नाही. स्वीडनने १९७४ साली प्रसूती रजेच्या जागी पालकत्व रजा आणली. आज तिथे एका अपत्यामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांपैकी ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव असतात. नॉर्वेने १९९३ साली चार आठवडे वडिलांसाठी राखून ठेवले, आणि त्याआधी क्वचितच रजा घेणारे वडील काही वर्षांतच मोठ्या संख्येने ती घेऊ लागले. पंचविशीतील मुलगाही कधी तरी काही महिने रजेवर जाणार हे ठाऊक झाले, की मुलाखतीत "नियोजन काय" हा प्रश्न विचारण्यात अर्थ राहणार नाही.

मुलाखतकार

अर्थ राहणार नाही हे खरे, पण कायद्यात लिहिल्याने वडील रजा घेतातच असे समजू नका. जपानमध्ये वडिलांना दीर्घ रजेचा हक्क होता, तरीही २०१० च्या संपूर्ण दशकात ती घेणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच राहिले. साहेब घेत नाही म्हणून हाताखालचा घेत नाही. निधीचा पैसा मिळतो की नाही, यापेक्षा बढतीच्या यादीतून आपले नाव जाईल का, याची भीती मोठी असते. तरीही राखीव रजेला माझा पाठिंबा आहे. फक्त तिचा परिणाम दिसायला एक पिढी जाईल, आणि निधी मात्र पुढच्या आर्थिक वर्षापासून सुरू करता येतो.

छापखानावाला

बरीच चर्चा वाचली. निधीला माझा पाठिंबा आहे, पण माझ्या दोन अटी आहेत. पहिली अट अशी, की लहान आस्थापनांना वर्गणीच नको असे कोणी सुचवू नये. आम्हाला वगळले की आमच्याकडील स्त्रियाही वगळल्या जातात आणि चांगल्या मुली आमच्याकडे यायच्या बंद होतात. नियमांत अमुक संख्येची रेषा आखली, की त्या रेषेच्या अलीकडे थांबणारे कसे निपजतात, हे मी धंद्यात पुष्कळ पाहिले आहे. दहावा माणूस हजेरीपटावर न घेता रोखीने ठेवणारे माझ्याच व्यवसायात आहेत. दुसरी अट परताव्याची. सरकारी परतावा म्हणजे काय असतो, ते नोकरदारांना समजणार नाही. पैसे मिळतात, पण कधी, हे सांगता येत नाही. आधी मी द्यायचे आणि मग फायलीमागे फिरायचे असे असेल, तर आजचीच पद्धत बरी.

विधिज्ञ_सायली

रेषेबद्दलचे आपले निरीक्षण अचूक आहे. चिलीमध्ये तर ती रेषा थेट स्त्रियांच्या संख्येवरच आखली गेली. २० किंवा त्याहून अधिक स्त्रिया कामाला असतील, तर मालकाने त्यांच्या लहान मुलांच्या पाळणाघराचा खर्च सोसावा, असा तिथला नियम आहे. विसावी स्त्री नेमणे म्हणजे काय, याचा हिशेब तिथल्या मालकाने केला नसेल तरच नवल; आणि अशा आस्थापनांत स्त्रियांचे सुरुवातीचे पगार घटल्याचे अभ्यासांत दिसलेही आहे. भारतातील २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघराची अट ५० कर्मचाऱ्यांवर आहे, आणि त्यात स्त्री-पुरुष दोघेही मोजले जातात. ५० ची रेषा आहे ती आहेच, पण निदान ती स्त्रियांच्या डोक्यावरून जात नाही.

आडवा_प्रश्न

माझे मत बदललेले नाही. मात्र सक्ती करायचीच असेल, तर ती एकट्या मालकावर करण्यापेक्षा सर्वांवर सारखी करावी, एवढे मी म्हणेन. कॅलिफोर्नियात २००४ पासून सुरू झालेली पगारी कौटुंबिक रजा कर्मचाऱ्यांच्याच वर्गणीतून चालते आणि तिथे मालकाला काही भरावे लागत नाही. लाभ कर्मचाऱ्याचा आहे तर वर्गणीही त्याचीच, हे मला जास्त पटते.

नीरजा_लेखा

कॅलिफोर्नियाच्या पद्धतीतही वर्गणी स्त्री-पुरुष दोघांच्या पगारातून जाते, त्यामुळे माझा मुख्य आक्षेप तिथे उरत नाही. मालकाला त्यातून पूर्ण मोकळे करावे हे मात्र मला मान्य नाही. बाबासाहेबांचा जो मुद्दा सायलीताईंनी सांगितला, तो आजही खोडता येत नाही. स्त्रियांच्या श्रमातून ज्याला नफा होतो, त्याचा वाटा असला पाहिजे.

छापखानावाला, परताव्याची आपली भीती रास्त आहे आणि ती पगारपत्रकाच्या पातळीवर सोडवता येते. ब्रिटनमध्ये कायद्याने ठरलेला प्रसूती पगार मालकच देतो. पहिले सहा आठवडे तो मिळकतीच्या ९० टक्के असतो, पुढील ३३ आठवड्यांसाठी त्याला ठरावीक कमाल मर्यादा असते. मोठा मालक त्यातील ९२ टक्के रक्कम सरकारकडून वसूल करतो. लहान मालकाला संपूर्ण रक्कम आणि त्यावर थोडी अधिक भरपाई मिळते. यासाठी त्याला वेगळा दावा करून वाट पाहावी लागत नाही, कारण पगारातून कापलेला कर आणि सामाजिक विम्याची वर्गणी म्हणून दर महिन्याला सरकारकडे जे भरायचे असते, त्यातूनच ही रक्कम तो वळती करून घेतो. एखाद्या लहान आस्थापनेचा मासिक भरणाच इतका कमी असेल की त्यातून रक्कम निघत नाही, तर मालकाला ती आगाऊ मागता येते. असे झाले तर त्या महिन्यांत आपल्या मांडणीकार बाईंचा पगार आपल्या खात्यातून निव्वळ पुढे जाईल, आणि स्वतःचे जे पैसे वाचतील ते पानांची जुळणी जाणणारा, थोडा जास्त पगार मागणारा बदली माणूस घेण्यासाठी वापरता येतील. अनुभवी माणूस नसण्याची पूर्ण भरपाई त्याने होणार नाही, पण पानांचा क्रम तरी बरोबर लागेल.